चासीवरचा चार

यंदाच्या उन्हाळ्यात मी जीप घेऊन स्वतः पासिंगला गेलो आणि तिथंच सगळं बिनसलं.

एरवी हे काम एजंट करायचा. जुनी गाडी रस्त्यावर ठेवायची तर दर पाच वर्षांनी तिचं पासिंग करून घ्यावं लागतं. गाडी बघतात, कागद बघतात, मग पुढची पाच वर्षं कुणी हटकत नाही. एजंट सकाळी जीप घेऊन जायचा आणि दुपारी आणून लावायचा. पण मागच्या खेपेला त्याने ती आणून लावली तेव्हा आतला आरसा खाली वाकवलेला होता. एजंट माझ्यापेक्षा चांगला वीतभर उंच. मग आरसा खाली कुणी वाकवला? माझ्या गाडीत कोण बुटका माणूस बसला होता? पाच वर्षं हा प्रश्न माझ्या डोक्यात होता. म्हणून या वेळी ठरवलं, एजंट नको, आपण स्वतः जायचं.

बायको म्हणाली, "एवढ्या उन्हाचं जाताय ते जाताय, तिथल्या साहेबावर तरी संशय घेऊ नका."

"मी संशय घेत नाही. खात्री करून घेतो."

"तेच ते," ती म्हणाली आणि माझ्या डोक्यावर टोपी ठेवली.

तिथले साहेब तरुण होते, कामाला चोख. आधी दिवे पाहिले, हॉर्न वाजवला, ब्रेक दाबून तोंड वाकडं केलं. मग पुढच्या उजव्या चाकाच्या मागे खाली बसले. चासी म्हणजे गाडीच्या खालचा लोखंडी सांगाडा. त्यावर नंबर ठोकलेला असतो. साहेबांनी त्यावर पातळ कागद धरला आणि पेन्सिल आडवी करून घासली. काळ्या रंगात आकडे पांढरे उमटले. तो कागद त्यांनी माझ्या आरसी कार्डाशेजारी धरला, पुन्हा धरला, आणि चष्मा वर केला.

"काका, हे जुळत नाही."

"काय जुळत नाही?"

"नंबर. शेवटचे पाच आकडे बघा. कार्डावर आहे दोन शून्य तीन आठ तीन. चासीवर आहे दोन शून्य तीन चार तीन. चासी बदललीय का कधी?"

मी नाही म्हणालो. साहेब आवाज न चढवता म्हणाले, "पंधरा दिवसांत लेखी खुलासा द्या. आठाचा चार कसा झाला ते सांगा. नाही तर पासिंग होणार नाही, आणि मग ही गाडी भंगारातच घालावी लागेल. आणि हो, पुढचे ब्रेकही करून आणा."

माझी जीप भंगारात! पण खरं सांगायचं तर परत येताना त्या धास्तीत एक समाधानही होतं. अकरा वर्षं जी पाल मनात चुकचुकत होती ती खोटी नव्हती. साहेबांनी 'चासी बदललीय का' म्हटलं त्या क्षणी माझ्या डोळ्यांपुढे एकच चेहरा आला होता, माझ्या मिस्त्रीचा.

मिस्त्रीची नि माझी ओळख जीपहून जुनी. नागापूरला एमआयडीसीच्या मागच्या अंगाला त्याचं गॅरेज आहे. मूळचा पाथर्डीकडचा. आई-बाप ऊसतोडीला कोपरगावकडे यायचे, त्यांच्याबरोबर हा यायचा आणि साखर कारखान्याच्या आवारात ट्रॅक्टर दुरुस्त करणाऱ्यांशेजारी बसून बसून शिकला. शाळा चौथीपर्यंत. मी पाटबंधारे खात्यात लिपिक. आमच्या ऑफिसची जीप त्याच्याकडे दुरुस्तीला जायची, कागद घेऊन मी जायचो. आमच्याकडे लिपिकाला भाऊसाहेब म्हणतात, म्हणून मी त्याचा भाऊसाहेब झालो.

त्या ऑफिसच्या जीपनेच मला हे वेड लावलं. कालव्याच्या पाहणीला निघालो की साहेब पुढं, ड्रायव्हर पुढं आणि मी मागच्या आडव्या बाकावर, मांडीवर फायली, डोकं हुडाच्या दांडीला आपटतंय. वर्षानुवर्षं मला रस्ता दिसला तो मागे पळणारा. एकदा तरी पुढं बसायचं, स्टिअरिंग आपल्या हातात घ्यायचं, आणि कालव्याच्या ज्या चारीवर साहेब म्हणतील तिथं नाही, आपल्याला वाटेल तिथं गाडी घालायची, एवढीच हौस होती. बायकोला ही हौस कधीच कळली नाही. ती म्हणायची, लोक म्हातारपणी काशीला जातात, तुम्ही चिखलात जा.

बेलापूरजवळच्या एका शेतकऱ्याकडे जीप आहे असं कळलं ते बावीस वर्षांपूर्वी. आधी लष्कराची, मग लिलावातली. समोरून सपाट, दोन गोल दिवे, वर फाटकी ताडपत्री. शेतकऱ्याने तिच्यातून उसाचं बेणं वाहिलं, कडबा वाहिला, आणि बंद पडल्यावर गोठ्याशेजारी लावून दिली. मी मिस्त्रीला बरोबर घेऊन गेलो. त्याने आतल्या कोंबड्या हुसकल्या, गाडीखाली शिरला आणि हातोडीने चासीला टोकापासून टोकापर्यंत हलके ठोके देत कान लावून ऐकत राहिला.

"घ्या, भाऊसाहेब," तो खालूनच म्हणाला. "हाडं लई चांगली हायेत. मांसाचं काय, ते आपन चढवू."

मला लगेच वाटलं, याचं नि त्या शेतकऱ्याचं काही ठरलंय का? पण गाडी इतकी मनात भरली होती की मी ते गिळलं.

गाडीचं आरसी बुक पावसात भिजून त्यावरची शाई पसरली होती. नव्या बुकासाठी अर्ज भरायचा होता. मिस्त्री चासीवरचा नंबर रॉकेलच्या फडक्याने पुसून एकेक आकडा ओरडून सांगू लागला. "दोन... शून्य... तीन... चार... तीन. लिवलं का?" मी बोनेटवर अर्ज ठेवून, खाली कार्बन घालून लिहिलं. झोकात लिहिलं, मराठी आकड्यांत. नोकरीत मी एक आकडा कधी इंग्रजीत लिहिला नाही. बाकीचे लिहायचे, त्यांना मी भर ऑफिसात ऐकवायचो. आपली भाषा, आपलं सरकार, मग आकडा परक्याचा कशाला?

जीप घरी आली आणि मला सुखाबरोबर एक कामही लागलं, तिची राखण.

जुन्या जीपचं काही ना काही निघतंच. कधी क्लच, कधी कार्ब्युरेटर, कधी फोर व्हीलचा दांडा अडकून बसतो. महिन्या-दीड महिन्यातून एकदा नागापूरची फेरी ठरलेली. आणि तिथं मिस्त्रीचा एक नियम होता, गिऱ्हाइकाने गॅरेजात उभं राहायचं नाही. गाडी लावली की तो म्हणायचा, "जावा भाऊसाहेब, चहा पिऊन या."

"मी थांबतो की."

"नगं. डोक्यावर मानूस उभा असला की पाना घसरतोय माजा."

आता मला सांगा, ज्याला काही लपवायचं नाही तो माणसाला चहाला का घालवेल? मी कोपऱ्यावरच्या टपरीवर जायचो, पण बाकडं असं तिरकं ओढून बसायचो की गॅरेज दिसावं. दिसायचे फक्त गाडीखालून बाहेर आलेले त्याचे पाय. पायांवरून माणसाची नियत कळत नाही. माझ्या गाडीतले जुने, अस्सल लष्करी भाग काढून हा दुसऱ्याच्या गाडीत घालत असेल आणि मला बाजारातले हलके माल बसवून देत असेल, हा विचार चहाच्या प्रत्येक घोटाबरोबर यायचा.

म्हणून पहिल्याच वर्षी मी बायकोची लाल नेलपॉलिशची बाटली उचलली आणि जीपच्या एकेका भागावर बारीक ठिपका दिला. डायनामोवर, कार्ब्युरेटरवर, चाकाच्या नटांवर, स्प्रिंगच्या पाट्यांच्या क्लॅम्पवर, जिथं सहज नजर जाणार नाही अशा जागी. गॅरेजातून गाडी आणली की घराच्या मागं लावायची आणि टॉर्च घेऊन ठिपके तपासायचे. बायको गच्चीवरून बघायची. म्हणायची, "देवळात जाताना चपलांना पण लावत जा एकेक."

गंमत अशी की एकही ठिपका कधी गायब झाला नाही. आणि त्यानेच माझा संशय वाढला. इतकी वर्षं, इतकी कामं, आणि सगळं जागच्या जागी? माणूस भलताच हुशार दिसतोय, मी म्हणायचो. लॉकडाऊनमध्ये तो दर आठवड्याला सायकलवर आमच्याकडे यायचा, बॅटरी उतरू नये म्हणून जीप चालू करून दहा मिनिटं ठेवायचा आणि फाटकातूनच हात करून जायचा. बायकोला त्याचं फार कौतुक. मी मात्र गॅलरीत उभा राहून तो बोनेटखाली किती वेळ वाकतो ते घड्याळात बघत होतो. आता लिहितानाही तोंड लपवावंसं वाटतं, पण बघत होतो हे खरं.

चासीचं प्रकरण झालं ते अकरा वर्षांपूर्वी. अकोले तालुक्यातल्या डोंगराकडून आम्ही दोघं परत येत होतो. पावसाने रस्ता खाल्लेला. मी फोर व्हील टाकून उतारावर गाडी घेतली, आणि मागून कडाड्‌ असा आवाज आला. बायकोने "आई गं!" म्हणून दांडी धरली. गाडीचा मागचा उजवा कोपरा बसला होता. पाटे जिथं चासीला जोडलेले असतात तिथं चासीला तडा गेला होता.

ट्रकवर घालून जीप नागापूरला नेली. मिस्त्रीने तडा पाहिला, माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाला, "तीन हप्ते द्या मला." लागले तीन महिने. त्या तीन महिन्यांत माझ्या जीपशेजारी आणखी एक जीप उभी होती. अगदी तशीच, तीच घडण, तेच दोन गोल दिवे, अर्धी सोललेली. कुणा कंत्राटदाराने टाकून दिली होती म्हणे. एक दिवस मी गेलो तर माझी जीप तयार, आणि शेजारची जागा रिकामी.

"ती कुठं गेली?"

"भंगारात गेली."

"आख्खी?"

"आख्खी."

"चासीसकट?"

मिस्त्री हात पुसता पुसता थांबला. "चासीसकट," तो म्हणाला आणि पाने गोळा करायला लागला.

मी जीप घरी आणली. डाव्या अंगाला बोटभर खाली बसल्यासारखी वाटली. आवाज वेगळा वाटला. बायको म्हणाली, नवे पाटे आहेत, वाटणारच. पण माझ्या मनाने घेतलं ते घेतलं. याने माझी तडकलेली चासी फेकली आणि त्या कंत्राटदाराची माझ्या गाडीखाली सरकवली. लष्कराची माझी हाडं गेली, आता ही कुणाची आहेत देव जाणे. विचारायची मात्र हिंमत झाली नाही. विचारलं आणि तो म्हणाला 'व्हय', तर? दुसरा मिस्त्री या गाडीला हात लावायलाही तयार नव्हता. म्हणून अकरा वर्षं मी त्याच्याकडे जात राहिलो, चहा पीत राहिलो आणि मनात ठेवत राहिलो.

आता साहेबांच्या पेन्सिलने सगळं बाहेर काढलं होतं. कार्डावर आठ, चासीवर चार. दुसरा पुरावा काय हवा?

घरी येऊन मी बायकोला सांगितलं. ती म्हणाली, "कुणाच्या तरी वाचण्यात चूक झाली असेल."

"भिंग लावून पाहिलंय मी. लोखंडावर ठोकलेला चार आहे, त्यात काय वाचण्यात चूक होणार!"

मी टेबलाशी बसलो आणि खुलासा लिहिला. दीड पान. असा अर्ज मी नोकरीतही लिहिला नव्हता. 'सदर गॅरेजचालकाने माझ्या गैरहजेरीत माझ्या वाहनाची मूळ चासी परस्पर काढून घेऊन त्याजागी अन्य वाहनाची चासी बसवली असून माझी फसवणूक केली आहे.' कार्डावरचा नंबर लिहिला, त्याखाली चासीवरचा नंबर लिहिला, दोन्ही सुवाच्य मराठी आकड्यांत. त्याचं नाव, गॅरेजचा पत्ता, शेवटी माझी सही.

बायकोने वाचलं आणि तिचा चेहरा उतरला. "अहो, हे दिलंत तर पोलीस जातील त्याच्या दारात."

"जाऊ देत. त्याने केलंय तर."

"आधी त्याला विचारा तरी."

"विचारून कोण कबूल होतं?"

"मग नुसता दाखवा. बावीस वर्षं गाडी सांभाळणारा माणूस आहे. पाठीमागं नका देऊ."

एवढं मात्र मला पटलं. तिच्यासारखं माणुसकीने नाही. वाचताना त्याचा चेहरा कसा होतो ते मला बघायचं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी दहाला गेलो. गॅरेजात एक टेम्पोवाला होता, शेजारच्या वर्कशॉपमधला एक वेल्डर पाना मागायला आला होता, आणि मिस्त्रीची सून पाण्याचा जग भरून ठेवत होती. मिस्त्री टेम्पोखाली होता. माझे बूट ओळखून खालूनच म्हणाला, "आलात? लावा गाडी. आन जावा, चहा पिऊन या."

"चहाला नाही आलो आज. बाहेर ये."

माझा आवाज ऐकून तो बाहेर आला. मी कागद पुढं केला. त्याने हात पुसले, काडी तारेने बांधलेला चष्मा लावला आणि वाचायला लागला. तो मनात वाचूच शकत नाही. चौथीतलं पोर वाचतं तसा बोट ठेवून, शब्द तोडून, मोठ्याने वाचतो. हे मला माहीत होतं. कागद देताना ते लक्षात आलं नाही असं मी म्हणू शकतो, पण पहिल्या ओळीनंतर तरी आलंच होतं. मी त्याला थांबवलं नाही.

"मूळ... चासी... परस्पर... काढून... घेऊन..."

टेम्पोवाल्याचं तोंड चघळता चघळता थांबलं. सून जग हातात धरून दारात उभी राहिली. मिस्त्री वाचत होता, स्वतःच्याच तोंडाने, स्वतःच्याच गॅरेजात. 'फसवणूक' हा शब्द त्याला पहिल्यांदा वाचता आला नाही. दोनदा म्हणून पाहिला.

मग तो आकड्यांवर आला. "कार्डावरील क्रमांक... दोन शून्य तीन आठ तीन. बरं. चासीवरील क्रमांक... दोन शून्य तीन... आठ तीन."

"चार," मी म्हणालो.

"आठ हाय की."

"चार आहे तो! नीट वाच."

त्याने कागद डोळ्यांजवळ नेला, लांब धरला, आणि टेम्पोवाल्यापुढं केला. "हे काय हाय रे?"

"आठ."

वेल्डरही वाकून बघायला आला. "आठच. वरचा मराठी आठ, खालचा इंग्रजी आठ. भाऊसाहेबांनी दोन भाषा मिसळल्यात."

"दोन्हीकडं आठच लिवलंय तुमी," मिस्त्री म्हणाला. त्याच्या आवाजात राग नव्हता, त्याला खरंच कळत नव्हतं. "दोन्हीकडं आठ, तर मग माज्यावर आळ कशाचा?"

मी कागद हिसकावून घेतला. बघितलं. आणि मला माझा चार दिसला.

माझा चार लहानपणापासून वरून मिटतो. छापलेल्या मराठी चाराची दोन टोकं वर उघडी असतात, माझी लिहिताना एकमेकांत जाऊन बसतात. झाला इंग्रजी आठ! एकदा ऑफिसात पाहुण्यांसाठी 'खुर्च्या ४' अशी चिठ्ठी पाठवली तर शिपायाने आठ आणून मांडल्या होत्या. सगळे हसले होते. मी शिपायावरच संशय घेतला होता, हा मुद्दाम माझी टर उडवतोय म्हणून. आणि या नंबरात दुसरं काय होतं? दोन, शून्य, तीन. मराठीत लिहा नाही तर इंग्रजीत, दिसायला सारखेच. एखादा पाच किंवा सात असता तर टाइप करणाऱ्याला कळलं असतं की हे आकडे मराठी आहेत. नव्हता. बेलापूरला बोनेटवर कागद ठेवून मी झोकात लिहिलेला चार आठ होऊन बुकात गेला, बुकातून कार्डात गेला आणि बावीस वर्षं तिथं बसून होता. एजंट गाडी न्यायचा तेव्हा पेन्सिल घासून नंबर कुणी पाहिलाच नसणार.

मी तोंडातल्या तोंडात म्हणालो, "घरी जाऊन जुने कागद बघतो."

"थांबा," मिस्त्री म्हणाला.

तो आत गेला आणि फळीवरून काहीतरी घेऊन आला. ते माझ्या हातावर ठेवलं. लाल नेलपॉलिशची बाटली. माझ्या बायकोची नव्हे, दुसरीच. अर्ध्याहून अधिक संपलेली.

"हे बी घिऊन जावा. तुमचे ठिपके मला पहिल्याच वर्षी दिसले, भाऊसाहेब. नट झिजतो, बदलावा लागतो. मग नव्या नटावर मी ठिपका लावायचो. म्हनलं, उगं तुमची झोप नको उडायला. बाटली संपली की सुनेकडून मागून घेतो. हसती ती मला."

सून हसत नव्हती. ती माझ्याकडे बघत होती.

"मला म्हाईत हुतं तुमच्या मनात काय हाय ते," तो म्हणाला. "मनात हुतं तवर मी काय बोललो न्हाई. मन हाय मानसाचं. पन आज तुमी ते कागदावर आनलं. माजं नाव घालून."

मला 'चुकलो' म्हणता आलं नाही. मी जीपमध्ये बसलो आणि निघालो.

घरी फायलींचा गठ्ठा काढला. माझ्या संशयी स्वभावाचा एवढाच उपयोग, मी आयुष्यात कागद फेकलेला नाही. बावीस वर्षांपूर्वीच्या अर्जाची कार्बन प्रत तिथं होतीच. निळी पडलेली, पण आकडे स्वच्छ. मी बायकोपुढं धरली आणि काही न सांगता विचारलं, "शेवटून दुसरा आकडा कोणता?"

"आठ," ती म्हणाली. मग माझ्याकडे बघून तिला समजलं. ती उठून स्वयंपाकघरात निघून गेली. ती बोलली असती तर बरं झालं असतं. इतकी लाज मला उभ्या आयुष्यात वाटली नव्हती. ज्या माणसाने माझा संशयसुद्धा सांभाळला, नव्या नटावर ठिपका देऊन देऊन सांभाळला, त्याला मी त्याच्या सुनेसमोर स्वतःच्या चोरीचा अर्ज वाचायला लावला होता.

साहेबांना कार्बन प्रत दाखवली आणि त्यांच्यापुढंच माझा मराठी चार काढून दाखवला. ते आधी चक्रावले, मग मोठ्याने हसले. "काका, तुम्हीच की आरोपी!" म्हणाले. दुरुस्तीचा नवा अर्ज लिहून द्यायला सांगितला, आणि हळूच म्हणाले, "आकडे इंग्रजीत लिहा बरं का." मी लिहिले. ब्रेक करून आणा, पासिंग होऊन जाईल, एवढं बोलून त्यांनी मला सोडलं. माझी जीप वाचली होती. गेल्या आठवड्यात हे घडलं असतं तर मी पेढे वाटले असते.

ब्रेकसाठी नागापूरला जाणं भाग होतं. चार दिवस टाळलं, पाचव्या दिवशी गेलो. मिस्त्री एकटाच होता. मी तो दीड पानी अर्ज त्याच्यासमोर काढला आणि फाडला. म्हणालो, "मिस्त्री, चुकलो मी. माझ्याच हाताची चूक होती. चासी माझीच आहे."

"व्हय," तो म्हणाला. "तुमचीच हाय. तडा गेल्ता तिथं पट्टी मारून जोडलीया. तीन महिने त्याच्यापायीच लागले. दुसरी घालायची असती तर आठ दिवसांचं काम हुतं."

त्याने राग केला नाही. ब्रेकचं काम आहे का विचारलं, मान हलवली आणि आत गेला. मी सवयीने टपरीकडे वळलो.

"कुठं निघालात?"

वळून पाहिलं तर त्याच्या हातात लोखंडी स्टूल होतं. त्याने ते जीपच्या पुढच्या चाकाशी मांडलं आणि खांद्यावरच्या फडक्याने पुसलं.

"बसा."

"अरे, मी येतो ना चहा पिऊन."

"नगं. हितं बसा. आता तुमच्या डोळ्यापुढंच काम."

मी बसलो. त्याने चाक काढलं आणि एकेक नट माझ्या हातात दिला. "मोजून घ्या." ड्रम काढला, मला दाखवला. जुना ब्रेक लायनर काढला, माझ्या पायाशी ठेवला. नवा दाखवला, मगच बसवला. बावीस वर्षं ज्याच्यासाठी मी टपरीवर मान वाकडी करून बसलो होतो ते सगळं माझ्यापासून हातभर अंतरावर चाललं होतं. आणि मला तिथून उठून पळून जावंसं वाटत होतं.

पाना पहिल्यांदा घसरला तेव्हा त्याने तो फडक्याने पुसून घेतला. दुसऱ्यांदा घसरला तेव्हा बोटाची सालपटं निघाली, रक्त आलं. त्याने बोट तोंडात घालून चोखलं आणि पुन्हा पाना लावला.

"मिस्त्री, मी जातो बाहेर. माझ्यामुळे होतंय तुला."

"बसा, भाऊसाहेब," तो म्हणाला. वर न बघता.

पासिंग झालं. नवं कार्ड आलं, त्यावर चार आहे. जीप दारात उभी आहे, पाच वर्षं तिला कुणी हटकणार नाही. मी ठिपके तपासायचं सोडून दिलंय. मिस्त्रीकडे अजून जातो, तोही काम करतो, कामात कुठं कसूर नाही. गाडी आत घेतली की स्टूल पुसून मांडलेलं असतं. टपरीवाला परवा रस्त्यात भेटला तर म्हणाला, "भाऊसाहेब, चहा सोडला की काय?"

गेल्या खेपेला क्लचची केबल बदलायची होती. मिस्त्री गाडीखाली शिरला, नुसते पाय बाहेर दिसत होते. मी स्टुलावरून उठलो आणि शक्य तितक्या सहज आवाजात म्हणालो, "मिस्त्री, मी जरा चहा पिऊन येतो रे."

पाय हलायचे थांबले. खालून आवाज आला, "नगं, भाऊसाहेब. बसा. बघा."